इन्स्टॉल झालं, पण सर्व्हर बूट होईना
उबुंटू सर्व्हर (सर्व्हरसाठीची लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) विनातक्रार इन्स्टॉल झालं, पण पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: बूट डिव्हाइस सापडलं नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या सेटिंग-प्रोग्रॅममध्ये, डिस्क दिसत होती, त्यामुळे केबलवर शंका नव्हती. गोम होती बूट मोडमध्ये. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसता, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ (मशीन चालू करण्याची नवी पद्धत) लागून. नुसती नोंद निवडली की इन्स्टॉलर लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोडमध्ये चालतो आणि ईएफआय पार्टिशन (यूईएफआयला लागणाऱ्या बूट फाइल्सचा डिस्कवरचा भाग) बनतच नाही; डिस्कवरून यूईएफआय मोडमध्ये चालू होताना सर्व्हर मात्र तेच शोधत बसतो. यूईएफआयची नोंद निवडून, ५१२ एमबीचं, फॅट३२ फाइल सिस्टिमचं ईएफआय पार्टिशन ठेवून पुन्हा इन्स्टॉल केलं आणि सर्व्हर लगेच उठला. बायोसमधलं बूट सेटिंगच लेगसीवर टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. लेगसीसोबत सहसा एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवण्याची जुनी पद्धत) येतं, आणि त्यात साधारण २ टीबीपुढची जागा वापरताच येत नाही.