गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी

लातूर, उदगीर, नांदेडकडची बरीच मुलं-मुली आता खारघर, कामोठे, तळोज्यात राहायला आली आहेत. नोकरी लागते, दोन-तीन वर्षं जातात आणि एक दिवस कंपनीचे साहेब किंवा एखादा मोठा ग्राहक म्हणतो, "रविवारी गोल्फला या." शनिवारी रात्री मला फोन येतो, "काका, कपडे कोणते घालू?" कपड्यांचं एका ओळीत सांगतो. कॉलरचा टी-शर्ट, साधी पँट, जीन्स नको, बुटाला धातूचे खिळे नकोत. एवढं पुरे. माणूस नजरेतून उतरतो तो दुसऱ्याच गोष्टींनी, आणि त्या गोष्टी कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितल्या नव्हत्या.

मी १९९८ साली उदगीरहून तळोजा एमआयडीसीत आलो. गोल्फ हातात आला तो २००९ मध्ये, एका ग्राहकामुळे. आता घराजवळ सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे, पांडवकड्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कला लागून. पावसाळ्यात खेळता खेळता वर बघितलं की कड्यावरून पाणी पडताना दिसतं. मेट्रोने सेंट्रल पार्क स्टेशनला उतरून रिक्षा करता येते. वेळ आणि फी आदल्या दिवशी फोन करून विचारा.

सगळ्यात आधी ओरडायला शिका. आपण मारलेला बॉल कुणाच्या दिशेने जातोय अशी नुसती शंका आली तरी त्याच क्षणी पोटातून 'फोर!' अशी आरोळी द्यायची. बॉल कुठे पडतो ते बघत बसायचं नाही, आधी आवाज. बॉलचं वजन जेमतेम शेहेचाळीस ग्रॅम, पण दगडासारखा टणक. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, तिचा नीट बसलेला फटका ताशी दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने सुटतो.

माझी तिसरी की चौथी फेरी होती. कोर्सचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती. पुढे दीडशे मीटरवर फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, उजव्या कडेला आगेवाला उभा होता. बॉल कुठे पडतो ते बघायला पुढे थांबतो तो आगेवाला. एकोणीस वर्षांचं लेकरू, निळी टोपी. मी ड्रायव्हर फिरवला आणि बॉल उजवीकडे वळला. तो वळताना मला दिसला. तोंड उघडलं होतं, पण आवाज निघाला नाही. आजूबाजूला देवळासारखी शांतता, मागे चार साहेब. शेतात बैलाला हाक मारतो तसा मी इथे ओरडलो तर हे काय म्हणतील, एवढा एकच विचार मनात होता. तेवढ्यात बॉल पोहोचला. ऊन डोळ्यावर येतं म्हणून त्याने हात वर धरला होता, बॉल मनगटाच्या वर लागला. हाड मोडल्याचा आवाज मला टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, ऐकू आला नाही, पण तो कसा खाली बसला ते आजही दिसतं. दुसऱ्या हाताने मोडलेला हात मांडीवर धरून बसला होता आणि टोपी गवतात पडली होती.

ऑपरेशन, पट्टी, औषधं मिळून साठ हजारांच्या वर खर्च आला, तो मी केला. कॅडीला (खेळाडूची बॅग उचलून सोबत चालणारा) आणि आगेवाल्याला फेरीमागे पैसे मिळतात, फेरी नाही तर पैसे नाहीत, म्हणून तीन महिन्यांचे त्याचे पैसेही दिले. हाड जुळलं, पण मनगट पूर्ण वळत नाही. हॉस्पिटलच्या बाहेर त्याची आई बाकावर बसली होती. मी माफी मागायला गेलो तर तिने एकच वाक्य म्हटलं, "साहेब, हाक तरी मारायची."

म्हणून सांगतो, लाजू नका. त्या शांततेला घाबरू नका. 'फोर' ऐकून कुणी तुम्हाला गावंढळ म्हणणार नाही. न ओरडणाऱ्याला मात्र पुन्हा कुणी बोलावत नाही, आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्याचं 'फोर' कानावर आलं तर बॉल शोधायला वर बघू नका. पाठ वळवा, खाली वाका, दोन्ही हातांनी डोकं झाका. पुढची माणसं आपल्या टप्प्याच्या बाहेर गेल्याशिवाय मारू नका. 'माझा बॉल तिथवर जात नाही' असं नवखा माणूस म्हणतो आणि नेमका त्याच दिवशी आयुष्यातला सगळ्यात लांब फटका बसतो. गवत कापणारे माळी मामा पुढे असतील तर त्यांनी हात करेपर्यंत थांबा. मशीनच्या आवाजात त्यांना तुमचं 'फोर'सुद्धा ऐकू येत नाही. रिकामा स्विंग, म्हणजे बॉल न मारता काठी फिरवून बघायच्या आधी मागे कोण उभं आहे तेही बघा.

आपल्या माणसांचं एक मला खटकतं. ओरडायचं तिथे आपण गप्प राहतो आणि गप्प राहायचं तिथे मोबाइलवर "हॅलो, आवाज येतोय का?" चालू होतं. मोबाइल सायलेंटवर टाका. गावाकडचा अगदीच महत्त्वाचा फोन असेल तर बाजूला जाऊन दोन शब्दांत संपवा. समोरचा बॉलवर उभा राहिला की बोलणं, हालचाल, खिशातली चिल्लर, सगळं थांबलं पाहिजे. त्याच्या पाठीमागे किंवा बॉलच्या रेषेत उभं राहू नका. सकाळी सावल्या चांगल्या लांब असतात. तुमच्या डोक्याची सावली त्याच्या बॉलवर पडतेय का, ते स्वतः बघा. तो सांगणार नाही, फक्त मनात ठेवील.

आता ग्रीन. भोक असतं ती गुळगुळीत हिरवी जागा. तिथलं गवत काही मिलिमीटरवर कापलेलं असतं आणि पावसाळ्यानंतर ते पुन्हा त्या अवस्थेला आणायला माळ्यांचे महिने जातात. आपल्या उभ्या पिकातून कुणी आडवं चालत गेलं तर घरी काय बोलतात ते आठवा. ग्रीनवर पाय टाकताना तेवढंच मनात ठेवा. पाय घासायचे नाहीत, धावायचं नाही, बॅग किंवा ट्रॉली वर आणायची नाही. दुसऱ्याच्या बॉलपासून भोकापर्यंतची जी वाट, तिच्यावर पाय द्यायचा नाही. फिरून जा, नाहीतर ओलांडून जा. तुमचा बॉल कुणाच्या वाटेत असेल तर मागे एक नाणं ठेवून उचला.

उंचावरून आलेला बॉल ग्रीनवर पडला की वाटीसारखा खड्डा करतो, त्याला पिचमार्क म्हणतात. तो बुजवणं हे तुमचं काम, कॅडीचं नाही. बुजवायची रीत नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के नवखे उलटं करतात. दोन दातांचा छोटा काटा मिळतो. तो खड्ड्याच्या मध्ये खुपसून माती वर उचकटायची नाही. तशी उचकटली की मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी ठिपका राहतो, तो भरायला आठवडे लागतात. काटा खड्ड्याच्या कडेला घालायचा आणि कडेचं गवत मध्याकडे ढकलायचं, चारी बाजूंनी, हळूहळू. मग पटरच्या (बॉल भोकाकडे ढकलायची काठी, तो फटका म्हणजे पट) तळाने थापटून सपाट करायचं. मी स्वतःचा एक बुजवतो आणि जवळ दिसणारा दुसऱ्या कुणाचा एक बुजवतो. वीस सेकंद लागतात. २०१९ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून बुटांच्या खिळ्यांचे ओरखडेही पट मारायच्या आधी सरळ करता येतात, आणि झेंडा भोकात तसाच ठेवून पट मारला तरी दंड नाही. जुने खेळाडू अजून झेंडा काढायला लावतात. वाद घालू नका, काढा.

भोकाची कड सांभाळा. रुंदी १०८ मिलिमीटर. वाकायचा कंटाळा करून पटरच्या डोक्याने बॉल बाहेर काढला की कड ढासळते आणि दिवसभर प्रत्येकाचा बॉल तिथून वळतो. पट झाला की ग्रीनवर उभं राहून आकडे मोजत बसू नका. मागचे लोक मारायला थांबलेले असतात. स्कोअर पुढच्या टीवर लिहा.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, खालच्या बाजूने उतरा, आणि बाहेर येताना आपल्या पावलांवर दाताळं फिरवा. फेअरवेवर गवताचा तुकडा उडाला तर उचलून जागेवर ठेवा आणि पायाने दाबा, नाहीतर वाळू भरा.

वेळेबद्दल सांगतो, कारण इथे आपली माणसं सगळ्यात जास्त हिरमुसतात. आपल्याकडे साडेसहा म्हणजे पावणेसात. इथे ६.३० ची टी-टाइम म्हणजे ६.३० ला पहिला फटका बसलेला असला पाहिजे. सहाला पोहोचा. नवी मुंबईबद्दल मला हे फार आवडतं, तुमचं आडनाव, गाव, जात कुणी विचारत नाही, पण तुम्ही वेळेवर आलात का ते बघतात. हरवलेला बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं. पूर्वी पाच होती. हरवलाय असं वाटलं तर पुढे जायच्या आधीच सांगून दुसरा एक मारून ठेवा, त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. आमच्या सोसायटीचे चौघे एका बॉलसाठी पंधरा मिनिटं गवत तुडवत बसले होते. मागे तीन गट उभे. तुम्ही मागे पडलात, पुढे एक अख्खं भोक, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतची पट्टी, रिकामं दिसतंय आणि मागचे चटचट येताहेत, तर हात करून त्यांना पुढे जाऊ द्या. त्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात उंच गवतात हात घालून बॉल शोधू नका, डोंगराजवळ साप असतात. गडगडायला लागलं तर साहेब खेळत राहिले तरी तुम्ही थांबा. विजेच्या भीतीने खेळ थांबवायला नियमच परवानगी देतो. झाडाखाली मात्र उभे राहू नका.

खरं मोजा. या खेळात पंच नसतो, मोजणारे तुम्हीच. १९२५ च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत बॉबी जोन्स या नामवंत खेळाडूचा बॉल गवतात किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता. त्याने स्वतःहून एक फटका दंड लावून घेतला आणि शेवटी बरोबरी सोडवायला खेळलेल्या प्ले-ऑफमध्ये एका फटक्याने हरला. आपल्या भागातल्या एका हुशार मुलाने साहेबांसमोर बुटाच्या टोकाने बॉल चांगल्या जागी सरकवला. साहेबांनी काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी खरेदीचे अधिकार द्यायची वेळ आली तेव्हा त्याचं नाव यादीत नव्हतं, आणि कारण मला त्याच साहेबांनी सांगितलं.

कॅडीशी कसं वागायचं हे मला पोटतिडकीने सांगायचं आहे. त्यांना नावाने हाक मारा किंवा 'दादा' म्हणा. 'ए' नको, चुटकी तर अजिबात नको. इथली बरीच मुलं आसपासच्या गावांतली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि हे शहर वसवायला इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये त्याच जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन करताना जासई भागात पाच शेतकऱ्यांनी जीव गमावला. आपण घाटावरून आलो, फ्लॅट घेतले, सुखाने राहतो. ज्यांच्या घरची शेती इथे होती त्या मुलाच्या खांद्यावर आपली बॅग असेल तर आवाज चढवण्याचा आपल्याला काय अधिकार? आणि खेळ त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. अली शेर कॅडी होता, १९९१ मध्ये त्याने इंडियन ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा जिंकली. गोल्फपटू एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याच्या कोर्सवर माळी होते, मुलाने ती स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. कॅडी म्हणाला सहा नंबरची काठी घ्या, तर सहा नंबर घ्या. पैसे किती ते सुरुवातीलाच विचारा, सुटे घेऊन जा, शेवटी स्वतःच्या हाताने द्या. घासाघीस करू नका. भाजीवाल्याशी करतो तशी कॅडीशी घासाघीस करणारे आपले काही लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांच्याबरोबर खेळायला नको वाटतं.

इंग्रजीची धास्ती नको. समोरच्याचा फटका चांगला बसला तर 'गुड शॉट', आपलं चुकलं तर 'सॉरी'. कॅडीशी मराठीतच बोला. कुणी विचारल्याशिवाय कुणाला स्विंग शिकवू नका. धंद्याचं बोलणं बोलावणाऱ्याने काढलं तरच. शेवटच्या ग्रीनवर टोपी काढून सगळ्यांशी हात मिळवा, कॅडीशीही.

पहिल्या वेळी सोबत कुणी नसेल तर मला कळवा. रविवारी सकाळी साडेपाचला मी उत्सव चौकात चहाच्या टपरीपाशी असतो, गाडीत दोघांची जागा आहे. पिचमार्कचा काटा माझ्याकडे जास्तीचा आहे, तो देईन. निघायच्या आधी गाडीपाशी एकदा 'फोर' ओरडून दाखवावं लागेल, मोठ्याने, टपरीवरचे वळून बघतील इतकं.