वारसा इमारतीतील कार्यालयाची सफाई: कंत्राट देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर

शहराच्या जुन्या, वारसा म्हणून जपलेल्या भागात कार्यालय असेल, तर सफाईचे कंत्राट देताना दरपत्रके मागवण्याआधी एक काम स्वतः करावे. वही घेऊन सगळ्या जागेतून फिरावे आणि कोणता पृष्ठभाग कशाचा आहे ते खोलीवार लिहून काढावे. संगमरवरी पायऱ्या, चुन्याचा गिलावा, लाकडी कठडे, पितळी कड्या, रंगीत काचा यांपैकी प्रत्येकाची निगा वेगळी असते. नव्या इमारतींत एकच द्रव सगळीकडे फिरवण्याची सवय झालेल्या कामगारांना ती न सांगता कळावी, ही अपेक्षा चुकीची आहे.

सर्वांत जास्त नुकसान संगमरवराचे होते. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे व्हिनेगर, लिंबाचा अर्क किंवा शौचालय साफ करण्याचे ॲसिड लागताच त्याचा वरचा थर विरघळू लागतो. एका जुन्या कार्यालयात हात धुण्याच्या बेसिनखालची वीतभर जागा मी पाहिली आहे. शेजारची लादी आरशासारखी चकाकत होती आणि एवढाच भाग पांढुरका पडून बोटाला खडूसारखा खरखरीत लागत होता. तो डाग नव्हता, दगडच झिजला होता, त्यामुळे कितीही पुसून उपयोग नव्हता. नव्याने घासून झिलई करणे एवढाच मार्ग उरला होता. म्हणून संगमरवरावर आम्लरहित, सौम्य द्रवच वापरला जाईल, ही अट कंत्राटात स्पष्ट लिहून घ्यावी.

चुन्याच्या भिंतींवर ओला फडका फिरवू नये. आत मुरलेले पाणी सुकताना क्षार पृष्ठभागावर आणते, भिंतीला लोणा लागतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. मऊ ब्रशने वरून खाली धूळ झटकली, तर ते पुरेसे असते.

लाकडाला लाखेचे पॉलिश आहे की आधुनिक वार्निश, हे सहसा नजरेला कळत नाही. कठड्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावून पाहावा. जागा चिकट झाली, तर ते बहुधा लाखेचे आहे आणि त्यावर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर कधीही फवारू नये. कातीव खांबांच्या खाचांतली धूळ फडक्याने आणखी आत दाबली जाते, तिथे रंगकामाचा मऊ ब्रशच हवा.

जुन्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते. पापुद्रे सुटलेल्या चौकटी कोरड्या खरवडू देऊ नयेत. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या हेपा गाळणीचा व्हॅक्यूम वापरावा आणि नंतर ओलसर फडक्याने पुसून घ्यावे. ब्लीच आणि ॲसिड एकाच बादलीत येणार नाहीत, याची खात्री तर प्रत्येक पाळीत करावी, कारण दोन्ही मिसळल्यावर विषारी क्लोरीन वायू सुटतो. जाड भिंती आणि मोजक्या खिडक्यांच्या शौचालयात तो लवकर बाहेर पडत नाही.

कामाच्या वेळेचाही विचार आधी करावा. अरुंद गल्ल्यांत सामानाचे वाहन कोणत्या तासांत येऊ शकते, वर जायला लिफ्ट आहे का आणि लाकडी जमिनीला फरशी घासण्याच्या यंत्राचे वजन पेलेल का, हे ठेकेदाराने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय दर देऊ नये. जागा न पाहता फोनवर दर सांगणाऱ्याला मी काम देणार नाही.

निवड झाल्यावर आधी एकाच खोलीत आठवडाभर काम करून घ्यावे आणि रोज उजेडात तिरप्या नजरेने लादी व कठडे पाहावेत. ओरखडे आणि मळकट थर समोरून दिसत नाहीत, तिरप्या उजेडात लगेच उठून दिसतात. पृष्ठभागांची जी यादी आपण केली, तिची प्रत कामगारांना वाचता येईल अशा भाषेत सफाईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. पाळी बदलली, नवा माणूस आला, तरी बाटली उचलण्याआधी ती त्याच्या नजरेसमोर येते.