पाण्याच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी पितळी रिड्युसरची तपासणी

पावसाळाभर बंद राहिलेला पंप, खतटाकी आणि ठिबकचे फिल्टर पुन्हा जोडताना वेगवेगळ्या मापांची तोंडे जुळवण्यासाठी पितळी रिड्युसर लागतोच. हा भाग मुठीत मावेल एवढाच असला, तरी पहिल्या पाळीची गळती पुष्कळदा इथूनच सुरू होते आणि तिचे कारण पितळात नसून न जुळणाऱ्या आट्यांत असते.

नवा रिड्युसर घेताना आट्यांवर फूटपट्टी लावून माप ठरवू नये. अर्धा इंची म्हटल्या जाणाऱ्या बाहेरच्या आट्यांचा व्यास प्रत्यक्षात सुमारे २१ मिलिमीटर असतो. पाऊण इंचीचा २६.४ आणि एक इंचीचा ३३.२ मिलिमीटर भरतो. जुना भाग सोबत नेणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

माप जुळले म्हणजे आटे जुळले, असेही नाही. बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मानकाच्या, आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, तर एनपीटी, म्हणजे अमेरिकी मानकाच्या, आट्यांचा ६० अंशांचा. अर्धा आणि पाऊण इंची मापांत दोन्हींचे इंचाला १४ आटे असल्यामुळे एक भाग दुसऱ्यात तीन-चार फेरे सहज जातो आणि जोड बसल्याचा भास होतो, परंतु आट्यांच्या भिंती एकमेकींना नीट टेकत नाहीत आणि दाब येताच पाणी झिरपू लागते. एक इंची मापात बीएसपीचे ११ आणि एनपीटीचे साडेअकरा आटे असल्याने भाग लवकरच अडतो. तिथे पाना लावून जोर केला की आटे जातात. शंका असल्यास बाहेरचे आटे असलेले दोन भाग एकमेकांना चिकटवून उजेडाकडे धरावेत. एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खाचांत पूर्ण बसून मधून उजेड दिसला नाही, तरच ते एका जातीचे समजावेत.

निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप टोकाकडून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, तीन-चार वेढे द्यावी आणि पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे टेपचे तुकडे सुटून ड्रिपरपर्यंत जाणार नाहीत. सरळ आट्यांच्या जोडात पाणी अडवण्याचे काम तोंडाशी असलेला वॉशर करतो. तिथे टेपचे थर चढवत बसणे व्यर्थ आहे. भाग आधी हाताने घट्ट होईपर्यंत फिरवून मग पान्याने दीड-दोन फेरे पुरतात. प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांत निमुळता पितळी भाग शक्यतो आवळूच नये, कारण तो पाचरीसारखा शिरून सॉकेट उभे फाडतो. शक्य असेल तिथे बाहेरचे आटे प्लॅस्टिकचे आणि आतले पितळेचे ठेवावेत.

मोठ्या तोंडातून लहान तोंडावर येण्यासाठी एकात एक तीन बुश (माप कमी करणारे आटेदार तुकडे) बसवण्यापेक्षा योग्य मापाचा एकच रिड्युसर घ्यावा. प्रत्येक जादा जोड ही गळतीची एक जागा असते. पंपाच्या ओढीच्या बाजूला माप मात्र कमी करू नये, नाहीतर पंपाची ओढ मंदावते. दाबाच्या बाजूला आखूड रिड्युसरने फारसे नुकसान होत नाही. खरा दाब खातो तो त्यापुढचा लांबलचक बारीक पाइप. प्रवाह तेवढाच ठेवून व्यास निम्मा केल्यास घर्षणाने होणारी दाबाची घट सुमारे तीसपट होते.

खतटाकी आणि व्हेंच्युरी (वाहत्या पाण्यात खत ओढून घेणारा भाग) यांच्याजवळचे रिड्युसर वेगळे काढून पाहावेत. अमोनियायुक्त खतांच्या सान्निध्यात ताणाखाली असलेल्या पितळाला बारीक उभ्या चिरा पडतात, आणि जास्त आवळलेल्या भागावर हा ताण कायम असतो. आतल्या आट्यांच्या कडेला पांढऱ्या क्षाराची रेघ दिसली, तर ती पुसून चीर आहे का ते पाहावे. चाकूच्या टोकाने पृष्ठभाग खरवडल्यावर पिवळ्याऐवजी तांबूस, भुसभुशीत धातू निघाला, तर जस्त झडून गेले आहे. असा भाग टेप गुंडाळून पुन्हा वापरू नये. खत सोडून झाल्यावर निदान दहा मिनिटे साधे पाणी चालवावे.

जोडणी झाल्यावर पंप पूर्ण दाबाने चालवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरावा. थेंब डोळ्याला दिसण्याआधी कागदावर डाग उमटतो.