एकच ॲप अडखळत असेल, तर तक्रारीआधी अशी खातरजमा करावी

बाकी सारे सुरळीत चालत असताना एखादेच ॲप अडखळू लागले, की इंटरनेट पुरवणारी कंपनीच त्याचा वेग मुद्दाम कमी करत असावी, असा संशय येतो. असे करण्यास भारतात मनाई आहे. मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमांनी बंदी घातली (निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ला गाशा गुंडाळावा लागला तो यामुळेच), आणि २०१८ मध्ये कंपन्यांच्या परवान्यांच्या अटी बदलून मजकूर अडवणे, त्याचा वेग घटवणे किंवा त्याला झुकते माप देणेही निषिद्ध ठरले. मात्र नुसत्या संशयावर केलेली तक्रार ‘राउटर बंद करून चालू करा’ या सल्ल्यापुढे सरकत नाही, म्हणून आधी पुरावा जमवावा.

सुरुवात घरातला दोष वगळण्यापासून करावी. माझ्याकडे रात्री एक व्हिडिओ ॲप सतत थांबत असे. आठवडाभर कंपनीच्या नावाने बोटे मोडल्यावर टीव्हीला लॅन केबल जोडून पाहिली, आणि दोष दोन भिंतींपलीकडून येणाऱ्या वायफायचा निघाला. म्हणून चाचणी शक्यतो केबल जोडलेल्या संगणकावर, इतर उपकरणे बंद ठेवून करावी. दिवसाचा डेटा संपल्यावर सगळ्याच सेवा मंदावत असतील, तर तो भेदभाव नव्हे.

त्यानंतर तुलना करावी. ‘फास्ट डॉट कॉम’ नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून वेग मोजते; लगेच दुसरी एखादी स्पीड टेस्ट घ्यावी. समजा, दुसरीकडे ४० एमबीपीएस आणि येथे जेमतेम ३ दिसले, तरी तेवढ्यावर आरोप करू नये, कारण कंपनी आणि नेटफ्लिक्स यांच्यामधल्या जोडणीवर गर्दी झाली तरीही असेच आकडे येतात. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांचे ‘वेहे’ हे ॲप येथे अधिक कामाचे आहे: ते एखाद्या लोकप्रिय सेवेची नोंदवून ठेवलेली डेटा वाहतूक एकदा जशीच्या तशी आणि एकदा कंपनीला ओळखू येणार नाही अशी बदलून त्याच सर्व्हरवरून पाठवते. ओळखू येणारी प्रतच वारंवार मंदावत असेल, तर संशयाला आधार मिळतो. ही चाचणी सकाळी, दुपारी आणि रात्री, किमान तीन-चार दिवस करून प्रत्येक वेळचा स्क्रीनशॉट तारखेसह जपावा.

संकेतस्थळ मुळीच उघडत नसेल, तर न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने ते बंद झाले असण्याची शक्यता आधी तपासावी, कारण तसे आदेश या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. ‘अमुक ॲपचा डेटा मोजला जाणार नाही’ अशी जाहिरात दिसल्यास मात्र चाचणीची गरजच नाही, जाहिरातच जपून ठेवावी. २०१६ च्या नियमांत अशा उल्लंघनासाठी दिवसाला ५०,००० रुपये आणि कमाल ५० लाख रुपये आर्थिक भुर्दंडाची तरतूद आहे. रिचार्जसोबत एखाद्या ॲपचे सदस्यत्व फुकट देणे ही गोष्ट वेगळी.

तक्रार प्रथम कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडे नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यावा आणि ‘नेट स्लो आहे’ असे मोघम न लिहिता ॲपचे नाव, वेळ आणि दोन्ही आकडे द्यावेत. उत्तराने समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तेथेही दाद न लागल्यास डॉकेट क्रमांक व स्क्रीनशॉट जोडून दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे जावे.