दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या कोडला हात लावण्याआधी

प्रोजेक्टवर नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच म्हणतो, "हे सगळं परत लिहून काढायला हवं." नव्वदच्या दशकात पुण्यात कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेवर कामाला लागले तेव्हापासून मी हे ऐकत आलेय. माझं उत्तर अजून तेच आहे: आधी हा कोड आज नेमकं काय करतो ते मला दाखव. त्याने काय करायला हवं, ते आपण नंतर ठरवू.

पतसंस्थेच्या ठेवींवरचं व्याज काढणाऱ्या प्रोग्रॅमचं उदाहरण घेते, कारण असल्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. प्रोग्रॅम आपल्या मशीनवर चालता करा. मग गेल्या वर्षाचा खरा डेटा मागून घ्या, नावं आणि खाते क्रमांक बदलून. सरळसाध्या नोंदी फारसं काही शिकवत नाहीत. २९ फेब्रुवारीला ठेवलेली ठेव, मुदतीआधी मोडलेली ठेव, अज्ञान मुलाच्या नावावरचं खातं, ३१ मार्चला संध्याकाळी उशिरा भरलेली रक्कम, अशा नोंदी मुद्दाम शोधा. त्या सगळ्या जुन्या प्रोग्रॅममधून चालवा आणि आलेलं उत्तर, चूक असो वा बरोबर, एका फाइलीत साठवा. आमच्या टीममध्ये तिला 'जैसे थे' फाइल म्हणतात. यापुढे कोडमध्ये एक ओळ बदलली तरी पुन्हा चालवायचं आणि जुन्या-नव्या दोन्ही फाइलींचा डिफ, म्हणजे त्यांच्यातला फरक, बघायचा. प्रोग्रॅम आतल्या आत 'आजची तारीख' विचारत असेल तर ती बाहेरून देण्याची सोय आधी करा, नाहीतर उद्या डिफ भरून येईल आणि त्यातलं खरं काय ते कळणार नाही.

तारखेवरून एक गोष्ट आवर्जून तपासा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात मोबाइलवरून भरलेल्या पैशांवर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, पण १ एप्रिलच्या पहाटे तीच नोंद थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

डिफमध्ये एका पैशाचा फरक दिसला तर तो सोडू नका. पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अंदाजे दशांशात, ठेवलेत का ते बघा, तिथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी. पण बहुतेकदा फरकाचं मूळ राउंडिंगमध्ये सापडतं. जुना कोड दर तिमाहीला रुपयात राउंड करतो आणि तुमचा शेवटी एकदाच. गणिताच्या दृष्टीने तुमची पद्धत जास्त नीट असेलही, पण ठेवीदाराच्या पासबुकात जुन्या पद्धतीचे आकडे छापले गेलेत. ते आकडे जुळलेच पाहिजेत.

विचित्र ओळ दिसली की तिचा इतिहास काढा. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला ब्लेम हा आदेश त्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला तेवढंच सांगतो, आणि पुष्कळदा त्या माणसाने फक्त इंडेंटेशन बदललेलं असतं. गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय (-S) देऊन तो मजकूर पहिल्यांदा कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदलेल्या कोणत्या बदलात, आला ते शोधा. तिथेही कारण नसेल तर उठून अकाउंट्समधल्या जुन्या माणसाकडे जा. मी अशी एक ओळ पाहिली आहे: वर्ष ३० पेक्षा कमी असेल तर २००० धरा, नाहीतर १९०० धरा. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या तारखांच्या गोंधळाच्या, वेळी दोन आकडी वर्षं चार आकडी करायला वेळ नव्हता, तेव्हा अनेक ठिकाणी हीच युक्ती केली गेली. आता सगळी वर्षं चार आकडी आहेत असं समजून ती ओळ काढायला एक मुलगा निघाला होता. पण एका शाखेतून रोज येणाऱ्या फाइलीत मुदतपूर्तीचं वर्ष अजून दोन आकडीच होतं. म्हणजे ओळ काढता येत नव्हती आणि तशीच ठेवताही येत नव्हती, कारण पाच वर्षांच्या नव्या ठेवीची मुदत २०३० किंवा त्याच्या पुढे जाते आणि कोड ते वर्ष १९३० च्या दशकातलं समजतो. आधी शाखेची फाइल बदलली, मग ओळ काढली. जाता जाता, वेळ १९७० पासूनचे सेकंद म्हणून ३२ बिटांत साठवत असाल तर १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी ती मोजणीही संपते. पंधरा वर्षांच्या कर्जाचे हप्ते त्याच्या पलीकडे जातात, तेव्हा आजच बघा.

बदल लहान ठेवा. फंक्शनचं नाव बदलणं आणि हिशोब बदलणं एकाच कमिटमध्ये कधीही नको. प्रत्येक कमिट चालणारा असला तर गिट बायसेक्ट, म्हणजे दरवेळी उरलेले कमिट निम्मे करत शोधणं, खरं कामाला येतं: हजार कमिटांतून बिघडलेला एक शोधायला साधारण दहा तपासण्या पुरतात, आणि 'जैसे थे' फाइल तयार असेल तर त्याही आपोआप होतात. कमिटच्या संदेशात 'व्याज दुरुस्त केलं' असं लिहू नका. काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच. का बदललं, कोणी सांगितलं, कोणत्या नियमामुळे, ते लिहा.

वापरात नसलेला कोड मात्र निर्धाराने काढा, सेटिंगमधल्या त्याच्या फ्लॅगसकट, म्हणजे तो चालू-बंद करणाऱ्या खुणेसकट, आणि तोच फ्लॅग दुसऱ्या कामाला वापरू नका. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नेमकं हेच झालं. कित्येक वर्षं वापरात नसलेल्या कोडचा फ्लॅग नव्या सोयीसाठी घेतला, आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, आणि तिथे जुना कोड जागा होऊन ऑर्डरी टाकत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांहून जास्त नुकसान झालं. म्हणून डिप्लॉय झाल्यावर, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर, प्रत्येक सर्व्हरवरची आवृत्ती प्रत्यक्ष विचारून घ्या.

एवढं करूनही पुन्हा लिहायची वेळ आलीच, तर लिहा. पण जुना आणि नवा प्रोग्रॅम रोज रात्री एकाच डेटावर शेजारी शेजारी चालवा, आणि त्यात एक तरी ३१ मार्च येऊ द्या. ऑडिटरची सही होईपर्यंत जुन्याची चालती प्रत बाजूला राहू द्यावी.