मान वर करण्याआधी अर्धी ओळ लिहा
पणजीत पाटोच्या ऑफिसात महिन्याची २० तारीख जवळ आली की जीएसटीआर-३बीची, म्हणजे महिन्याच्या जीएसटी विवरणपत्राची घाई. नेमकं तेव्हाच कुणीतरी टेबलाशी येतं, “दोनच मिनिटं हां!” लगेच उठू नका. “एक सेकंद” म्हणा आणि चिठ्ठीवर पुढची पायरी लिहा: ‘म्हापशाच्या दुकानाचं क्रेडिट २बीशी ताडायचं, ओळ ४७ पासून.’ (२बी म्हणजे पोर्टलवर मिळणारं खरेदीवरच्या कर-क्रेडिटचं विवरण.) नुसतं ‘जीएसटी बाकी’ लिहून भागत नाही, आकडा हवाच. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की अर्धवट सोडलेलं काम मनात रेंगाळत राहतं. ते कागदावर उतरलं, की समोरच्याचंही नीट ऐकता येतं, आणि परतल्यावर शोधाशोध वाचते. सकाळचा एक तास मात्र फोन सायलेंटवर ठेवा. सहकाऱ्यांना तसं आधीच सांगून ठेवा.