ताकदीच्या मोबदल्यात दमसास : स्नायुतंतूंचा कल कसा बदलावा

जड वजने उचलून कमावलेले शरीर लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी, सायकलिंगसाठी किंवा पोहण्यासाठी तयार करायचे असेल, तर स्नायूंत नेमका कोणता बदल घडवायचा आहे हे आधी नीट समजून घ्यावे. माणसाच्या हातापायांच्या स्नायूंत ढोबळमानाने तीन प्रकारचे तंतू असतात. टाइप १ तंतू सावकाश आकुंचन पावतात, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया (पेशीतील ऊर्जा तयार करणारे घटक) आणि त्यांच्याभोवती केशवाहिन्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्या) भरपूर असतात आणि ते दीर्घकाळ न थकता काम करू शकतात. टाइप २एक्स तंतू अत्यंत वेगवान असतात, पण तेवढ्याच लवकर दमतात. टाइप २ए तंतू वेगवान असूनही प्राणवायूचा बऱ्यापैकी वापर करतात, म्हणून ते दोहोंच्या मधले. याखेरीज एकाच तंतूत दोन प्रकारचे मायोसिन (आकुंचन घडवणारे प्रथिन) असलेले संकरित तंतूही आढळतात.

यांतला टाइप २एक्सकडून टाइप २ए-कडे होणारा बदल सहज घडतो. तो जड व्यायामानेही घडतो आणि दमसासाच्या व्यायामानेही, त्यामुळे नियमित वजने उचलणाऱ्याच्या स्नायूंत २एक्सचे प्रमाण बहुधा आधीच कमी झालेले असते. टाइप २ए-कडून टाइप १-कडे होणारा बदल मात्र संथ असतो. काही महिन्यांच्या सरावात तो किरकोळच दिसतो. जुळ्या भावांपैकी एकाने कित्येक दशके दमसासाचा सराव केला आणि दुसऱ्याने केला नाही, अशा एका जोडीच्या तपासणीत सराव करणाऱ्याच्या मांडीत मंद तंतूंचे प्रमाण ठळकपणे जास्त आढळले होते. एका जोडीवरून नियम ठरवता येत नाही, पण वर्षांच्या हिशेबाने पाहिल्यास बदल शक्य दिसतो.

तंतूचा स्वभाव कशावरून ठरतो, याचे उत्तर १९६० मध्ये आर्थर ब्युलर, जॉन एकल्स आणि रोझमंड एकल्स यांच्या मांजरांवरील प्रयोगांतून मिळाले. त्यांनी वेगवान स्नायूची चेता (मज्जातंतू) मंद स्नायूला आणि मंद स्नायूची वेगवान स्नायूला जोडली, तेव्हा दोन्ही स्नायूंची आकुंचनाची गती बदलू लागली. पुढे सशांवरील प्रयोगांत स्नायूला दिवसरात्र कमी वारंवारतेचे विद्युत्संकेत दिल्यावर वेगवान स्नायू मंद होत गेला. याच तत्त्वावर १९८५ मध्ये पॅरिसमध्ये अलां कार्पेंतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीचा स्नायू दुबळ्या हृदयाभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया केली. संकेत देऊन तो स्नायू न थकणारा बनवता येत असे, पण त्या प्रक्रियेत त्याची गती आणि शक्ती घटत असे. ताकद देऊन दमसास घेण्याच्या या व्यवहाराचे इतके स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही.

प्रत्यक्ष सरावात इतके टोक कोणी गाठत नाही. मंद आणि वेगवान तंतूंच्या प्रति चौरस सेंटीमीटर बलात फारसे अंतर नसते. अंतर असते ते गतीत, आणि म्हणून शक्तीत. त्यामुळे प्रकार बदलल्याने आधी जाते ती उडी, झेप आणि स्फोटकता. एका रेपमध्ये (एका उचलीत) उचलता येणारे कमाल वजन मुख्यतः जाते ते तंतूंची जाडी घटल्याने आणि जड वजनांचा सराव सुटल्याने. यांपैकी किती सोडायचे हे आधी ठरवून लिहून ठेवावे. सुरुवातीला तीन मोजमापे पुरेशी आहेत : स्क्वॉटमध्ये (खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठकीत) तीन रेपसाठी उचलता येणारे कमाल वजन, उभ्याने मारलेल्या उंच उडीची उंची आणि एकसारख्या गतीने तीस मिनिटांत कापता येणारे अंतर.

सरावाचा पाया कमी तीव्रतेच्या, लांब कालावधीच्या कामाचा असावा. आठवड्यातून चार ते पाच दिवस, प्रत्येकी चाळीस ते साठ मिनिटे, अशा गतीने चालावे, पळावे किंवा सायकल चालवावी की पूर्ण वाक्य न थांबता बोलता यावे. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागला तर गती जास्त आहे असे समजून ती तत्काळ कमी करावी. वजने उचलणाऱ्यांना ही गती लाजिरवाणी वाटण्याइतकी संथ वाटते आणि ते नकळत ती वाढवतात. परिणामी रोजचे सत्र ना धड सोपे राहते ना धड कठीण, आणि थकवा मात्र साचत जातो. या कार्यक्रमातील बहुतेक अपयश इथेच घडते, असे माझे मत आहे.

आठवड्यातील एक सत्र मात्र लांब असावे, दीड ते दोन तासांपर्यंत हळूहळू वाढवलेले. याचे कारण तंतू कामाला लागण्याच्या क्रमात आहे. हलक्या कामात मेंदू आधी लहान, मंद तंतूंना बोलावतो. तासाभरानंतर त्यांच्यातील ग्लायकोजेन (साठवलेली साखर) ओसरू लागते आणि तीच गती राखण्यासाठी २ए तंतूंनाही कामाला लागावे लागते. गती तीच असताना पाय जड वाटू लागणे आणि नाडी थोडी चढणे ही त्याची खूण समजता येते. म्हणून सत्राचा शेवटचा अर्धा तास वगळू नये. वेगवान तंतूंना संथ कामाची सवय लागते ती तेव्हाच.

त्याच तंतूंपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग इंटरव्हलचा, म्हणजे कठीण टप्पे आणि विश्रांती आलटून पालटून करण्याचा. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा चार मिनिटांचे चार कठीण टप्पे आणि प्रत्येकामध्ये तीन मिनिटांची सावकाश विश्रांती पुरे होते. एकूण कालावधी आठवड्यागणिक बेताने वाढवावा. हृदय आणि स्नायू लवकर सरावतात, पण स्नायुबंध आणि हाडे मागे राहतात, आणि वजनदार व्यक्तीच्या पोटऱ्या व घोटे आधी तक्रार करतात. अशांनी सुरुवात सायकलने करणे सुरक्षित. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून इंटरव्हल करू नयेत.

वजने पूर्णपणे सोडू नयेत. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमसासाचा सराव एकत्र करणाऱ्यांची ताकद आधी वाढली, मग थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घटू लागली. दोन्ही आघाड्यांवर भरपूर करणे जमत नाही, पण ताकद टिकवायला फार थोडे काम लागते. आठवड्यातून एकदा, मोजके सेट (सलग रेपच्या फेऱ्या), वजन मात्र जड आणि रेप कमी, अशी रचना ठेवावी. हे सत्र लांब धावेच्या दिवशी नसावे, आणि एकाच दिवशी दोन्ही करावेच लागले तर मध्ये सहा तासांचे तरी अंतर ठेवावे.

पूर्ण विश्रांती घेऊन दमसास येईल, ही समजूत उलट दिशेला नेते. जेस्पर अँडरसन आणि पेर ऑगॉर्ड यांच्या अभ्यासात तीन महिन्यांच्या जड सरावाने २एक्सचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. पुढच्या तीन महिन्यांच्या विश्रांतीत ते १७ टक्क्यांवर गेले. म्हणून वजने कमी करायची ती दमसासाचा सराव सुरू करूनच.

आहारात कर्बोदके कमी करू नयेत, कारण लांब सत्रे ग्लायकोजेनवरच पार पडतात. प्रथिने शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम ठेवल्यास तंतूंची जाडी अनावश्यक घटत नाही. गोळ्यांचा मार्ग मात्र निक्षून टाळावा. जीडब्ल्यू५०१५१६ या संयुगाने उंदरांचा दमसास वाढला हे खरे, परंतु प्राण्यांवरील चाचण्यांत त्याने कर्करोग होत असल्याचे दिसले, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्यावर बंदी घालून २०१३ मध्ये खेळाडूंना जाहीर इशाराही दिला. घरगुती विद्युत् उत्तेजन यंत्रांकडूनही प्रयोगशाळेतील सशांसारख्या परिणामाची अपेक्षा ठेवू नये. तिथे संकेत आठवडेच्या आठवडे अखंड चालू होते.

मायटोकॉन्ड्रिया काही आठवड्यांतच वाढू लागतात आणि केशवाहिन्यांची भर त्यापाठोपाठ पडते, त्यामुळे तीस मिनिटांतले अंतर तंतूंचा प्रकार बदलण्याच्या कितीतरी आधी वाढलेले दिसेल. तंतूंचे प्रमाण प्रत्यक्ष कळायला स्नायूचा तुकडा काढून तपासावा लागतो आणि त्याची सामान्य माणसाला गरज नाही. दर दोन महिन्यांनी सुरुवातीची तिन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत. अंतर वाढत असेल, उडी थोडी उतरली असेल आणि स्क्वॉट ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर आहे तसेच चालू ठेवावे. स्क्वॉट मर्यादेखाली गेला तर एक सोपे सत्र काढून त्या जागी वजनांचे दुसरे सत्र घालावे, लांब सत्राला हात लावू नये.